उत्तरेची बाजू

खानापूर तालुक्यात एकतीस वर्षं मी मीटर वाचले.
मीटर सहसा उन्हात नसतो.
जिन्याखाली, न्हाणीच्या मागं,
दोन घरांमधल्या ज्या फटीत घरमालकही वर्षात एकदा जातो,
तिथं दर महिन्याला केईबीचा माणूस, हातात विजेरी.

तिथंच दिसले नेचे.
जांभ्याच्या भेगेत, गळक्या नळाखाली,
कुणी न लावलेले, कुणी न उपटलेले.
आकडा लिहायचा आणि घटकाभर त्यांच्याकडं बघायचं.
वहीत त्याला रकाना नव्हता.

निवृत्त झालो, मग आमच्याच घराची उत्तर बाजू मोजली:
अडीच हात रुंद, बावीस हात लांब.
जास्वंद तिथं तीन वर्षं कळीवाचून बसली,
मोगरा एका आषाढात कुजला.
यमुना म्हणाली, "सायकल लावा तिथं. शोभेल."

जांबोटीला गेलो. निंगव्वा तळवारचं परडं,
धुण्याच्या दगडामागं कमरेएवढा हिरवा गोतावळा.
"जरीगिडा?" ती हसली. "हे कोण मागून नेतंय ओ?"
खुरप्यानं मातीसकट गड्डा उचलला,
सिमेंटच्या पिशवीत घातला, आणि एवढंच सांगितलं:
मान पुरू नका. मान वर राहू दे.
बसमध्ये कंडक्टरनं विचारलं, "कसली भाजी?"
मी अळू म्हणालो. तिकीट वाचलं.

बाकी सगळं चुकत शिकलो.
पाणी पायाशी द्यावं, डोक्यावर ओतू नये.
फणसाची पानं वर्षभर कुजू द्यावीत,
काळी होऊन बोटांत चुरली की हातानं पसरावीत.
युरिया एकदाच दिला, चिमूटभर, मायेनं.
चार दिवसांत कडा करपल्या, बिडीनं डागल्यागत.
वाळकं पान ओढायचं नाही,
कात्रीनं बुडाशी छाटायचं, तेही नवी मूठ वर आल्यावर.
तोवर त्याची सावली त्या मुठीला लागते.
मार्गशीर्षाच्या थंडीत आणि चैत्राच्या झळीतही
तो हिरवाच. घाई मात्र नाही:
जुन्या मीटरची चकती झिरोच्या दिव्यावर फिरायची,
तशी त्याची वाढ.

कोवळं पान येतं ते कानडीत,
गोल, वळसेदार, स्वतःत गुंडाळलेलं.
आठवड्यानं सरळ होतं, वर रेघ ओढल्यागत, बाळबोध.
दोन्ही लिप्या एकाच देठावर.
अजून कुणी बोर्ड काढायला आलेलं नाही.

दुसऱ्या वर्षी पानांच्या पाठीला तपकिरी ठिपके आले,
दोन रांगांत, शिवणयंत्रानं घातल्यासारखे.
कीड समजलो. दुकानातून औषध आणलं,
पाच पानं फडक्यानं पुसून लख्ख केली.
यमुनाच म्हणाली, "कीड इतकी ओळीत बसते होय?"
मग कळलं, याला फूल नाही, बी नाही,
जे काही आहे ते हेच, पाठीवरची भुकटी.
त्या पाच पानांचं मला अजून वाईट वाटतं.

पुढच्या श्रावणात न्हाणीच्या विटेवर हिरवा पापुद्रा आला.
ती तारेचा ब्रश घेऊन वाकली, आणि वाकलेलीच राहिली.
"बघा हो इकडं."
नखाहून लहान, पानाच्या विड्यासारखी,
शे-दीडशे हिरवी हृदयं, विटेला चिकटलेली.
ब्रश तिथंच पडून आहे. गंजला.

आता आमचाही मीटर झाकला गेलाय.
काल नवा पोरगा आला, मुरारी होनगेकर, हातात यंत्र.
"काका, कापा की हे. नंबर दिसंना झालाय."
मी म्हणालो, "थांब. मी धरतो, तू वाच."
दोन्ही हातांनी पानं बाजूला केली,
त्यानं वाकून आकडे टिपले.
यंत्राच्या काचेवर थोडी तपकिरी भुकटी पडली.
त्यानं फुंकर मारली नाही, पुसलीही नाही,
पावती फाडून दिली
आणि पुढच्या घराच्या फटीत शिरला.